मोटारीच्या तोंडी घास

मंठ्याच्या वाटेवर दुर्गाबाईंचा जीव दुसऱ्यांदा गुदमरला, तेव्हा त्यांचे चिरंजीव गिरिधर वकील यांनी निकाल देऊन टाकला. "मच्छिंद्रा, आणखी एकदा आईला असं झालं, तर मोटार विकायची. बिलकुल!"

ड्रायव्हर मच्छिंद्राला घाम फुटला. मोटार गेली की घनसावंगीत थोरल्या भावाचे बैल हाकायचे, आणि बैलांपेक्षा भाऊ अवघड होता.

दुसऱ्या दिवशी मस्तगड पेठेत, वकिलांच्या दारापुढेच त्याने मोटारीत हवा कशी खेळते ते तपासायला घेतलं. धुरळा नको, लोकांच्या नजरा नकोत, म्हणून काचा कायम बंद. हवा यायची ती समोरच्या काचेपुढल्या झडपेतून, जायची ती पाठीमागच्या जाळीतून. हवा दिसत नाही, म्हणून त्याने झडपेशी पाच उदबत्त्या धरून सुपाने वारा घातला. धूर आत गेला. मागून मात्र निघेना. जाळीत चिंध्यांचा बोळा सापडला. भोक दिसलं की बुजवायचं, ही दुर्गाबाईंची जुनी रीत. बोळा उपटताच धूर मागून वाहू लागला. हवा आत यायला आधी तिला बाहेर जायला वाट असावी लागते. भावाच्या घरात आपण का गुदमरायचो, तेही मच्छिंद्राला त्या घडीला उमगलं.

तेवढ्यात दुर्गाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी हातच जोडले.

"पूजा मांडलीस न् मला सांगितलं न्हाई?"

"पूजा न्हाई, आईसाब. हवा बघून राह्यलो."

"उदबत्ती लावून कुणी हवा बघतं का? लाजू नको!"

शेजारच्या सोनूबाई हळदकुंकू घेऊन आल्या. मोटारीचं तोंड कोणतं, यावर थोडा वाद झाला. धूर आत जातो तेच, असं ठरलं. त्या तोंडात झेंडू गेला, खोबरं गेलं, वर गुळाचा खडा.

"मी काढतो ते," मच्छिंद्र पुढे सरला.

"मेल्या, देवाच्या तोंडातला घास काढतोस?"

लगेच मंठ्याला निघायचं ठरलं. तिसऱ्या मैलाला वकिलांनी कोटाची बटणं सोडली. पाचव्याला मच्छिंद्राच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"आई, गुदमरतंय का गं?"

"मला काय धाड भरलीय? देवाजवळ बसल्येय मी."

सातव्या मैलाला मोटार थांबवायला लावून वकील दार उघडून रस्त्यावरच बसले. "उद्याच... विकायची ही मोटार!"

"खबरदार!" आतून आवाज आला. "देव विकतेत का कुठं? चल मच्छिंद्रा, जल्दी. काचा लाव बराबर."

नोकरी जन्माची पक्की झाली होती. वकिलांना उठवायला उतरलेल्या मच्छिंद्राने बाहेर उभ्यानेच छातीभर श्वास घेतला. पुढचा मंठ्याला मिळणार होता.