ताटाभोवतीच्या सह्या

“काशिनाथकाका पण शेवटी फुटला!”

आगरदांड्याच्या जेट्टीवर चहाच्या टपरीशी कोणीतरी हे म्हणालं आणि चार जण हसले. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते. माझा चहा अजून अर्धाही झाला नव्हता, तो तसाच ठेवून मी निघाले.

आमच्याकडे ‘फुटणं’ म्हणजे एक पक्ष सोडून दुसऱ्यात जाणं. बाकी कोणी फुटलं तर बातमी चहा संपेपर्यंत टिकते. पण काशिनाथकाका कुठल्याच पक्षाचे नव्हते. गावात त्यांची तेवढीच इस्टेट होती, आणि ती माझ्यामुळे गेली होती.

काका आमचे शेजारी. उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर आचारी होते. चाळीस देश पाहिले म्हणून सांगतात, पण सगळे स्वयंपाकघराच्या गोल खिडकीतून. त्यामुळे देशांबद्दलची त्यांची मतं कांद्यावरून ठरतात. टीव्हीवर कुठल्या देशाचे पाहुणे दिल्लीला आले की काका ओटीवरून ओरडतात, “सांभाळून हां! यांचा कांदा गोड असतो. गोड कांदेवाला कधी खरं बोलत न्हाय.”

इथवर ठीक. असं एक माणूस प्रत्येक गावात असतं. पण काकांकडे परराष्ट्र धोरण होतं.

जगात कुठे काही पेटलं की काका दोन घरी निरोप धाडायचे. एक सरपंच सुमनताईंकडे, दुसरा माजी सरपंच दत्ताशेठकडे. दोघं दोन पक्षांचे. गावातलं गटार कुठल्या बाजूला वाहावं यावर त्यांचं एकमत नव्हतं, त्यामुळे ते वाहतच नव्हतं. एकमेकांच्या लग्नांना ते फक्त कोण कोण आलंय ते बघायला जात. पण काकांच्या ओटीवर दोघं समोरासमोर बसायचे, कांदाभजी खायचे आणि दिल्लीला पाठवायच्या संयुक्त निवेदनावर सह्या करायचे.

“गावात चुली दोन असू देत,” काका म्हणायचे, “जहाजावर चूल एकच. आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की देश म्हणजे जहाज.”

भांडण व्हायचं ते एवढ्यावरच की पहिली सही कोणाची. त्यावर काकांचा उपाय ठरलेला. स्टीलचं ताट कागदावर उपडं घालायचं, कडेने पेन्सिल फिरवायची आणि त्या गोलाभोवती सह्या करायच्या. “गोलाला वरचा न्हाय, खालचा न्हाय.”

ही युक्ती ते जहाजावर शिकले होते. खलाशांनी तक्रार लिहिली की सह्या गोलात करायचे, म्हणजे सुरुवात कोणी केली ते कप्तानाला कळत नसे.

“कशाची तक्रार होती?” मी एकदा विचारलं.

“माझ्या डाळीची,” काका अभिमानाने म्हणाले. “सगळ्यांनी सही केली. मी पण केली. डाळ खरंच वाईट होती.”

या कारभारात मी कशी आले? मी अलिबागच्या इंग्रजी शाळेत शिकले, आणि घरी लॅपटॉप आहे. काका मराठीत सांगायचे, मी इंग्रजी करायचे आणि ईमेलने पाठवायचे. चारचौघांत ते मला ‘आमची सेक्रेटरी’ म्हणत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी चारचौघांत बोलत नाही. त्या शाळेत माझं मराठी अडखळतच वाढलं. लहानपणी दुकानात मी ‘सदतीस’ला ‘त्र्याहत्तर’ म्हणाले, तेव्हापासून लोक माझ्या तोंडाकडे बघत हसायला तयारच असतात. काकांची वाक्यं मी गुपचूप छाटायचे. जहाजावरची चूल एकाही निवेदनात दिल्लीला पोचली नाही.

मग खरंच काम पडलं. आमच्या गावातल्या जुबेदाभाभीचा नवरा सलीम ज्या जहाजावर होता, त्याच्या मालकाने हात वर केले. जहाज परदेशातल्या बंदरात अडकलं. खलाशांचे पासपोर्ट तिथल्या अधिकाऱ्यांकडे. पिण्याचं पाणी मोजून मिळतंय, असा सलीमचा निरोप आला.

त्या संध्याकाळी काकांनी भजी तळली नाहीत. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

“विनंती करतो असं लिहा,” सुमनताई म्हणाल्या.

“विनंती कसली? मागणी!” दत्ताशेठ म्हणाले. “तुमच्या पक्षाला विनंतीची सवय.”

“आणि तुमच्या पक्षाला मागायची.”

“दोन्ही लिव,” काका मला म्हणाले. “आणि दोघंही गप बसा. भाभी ऐकतेय.”

भाभी दाराशी उभी होती. दोघं खरंच गप बसले. ताट उपडं पडलं, सह्या झाल्या.

मी कागद घरी आणला. गोल जरा तिरका होता. कडेला हळदीचा डाग. मला दिल्लीतल्या कोणा अधिकाऱ्याचा चेहरा दिसला, हा कागद शेजारच्याला दाखवून हसणारा. मग मी सगळं नीट टाइप केलं. नावं एकाखाली एक, आधी सरपंच, खाली माजी सरपंच. गोल गेला, डाग गेला. ईमेल पाठवली, आणि तीच प्रत गावच्या ग्रुपवर टाकली.

दुसऱ्या दिवशी दत्ताशेठ काकांच्या अंगणात. मागे त्यांची माणसं.

“माझं नाव त्या सुमनच्या पायाशी? काशिनाथ, किती वर्षं गोल गोल फिरवलंस रे आम्हाला! मी दिल्लीला लिवतोय. या कागदावर माझी संमती न्हाय.”

मी काकांच्या मागेच होते, लॅपटॉप छातीशी धरून. आता बोलायचं, असं मनात म्हणत होते. वाक्य जुळवत होते. ‘मी’पर्यंत आलं होतं.

“मीच सांगितलं पोरीला,” काका म्हणाले. “खुर्चीवर हाय तिचं नाव वर, असं मीच बोललो.”

त्या एका वाक्याने काका सुमनताईंच्या पक्षाचे ठरले. मी जुळवलेलं वाक्य गिळलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच लाज अजून जात नाही.

अंगण रिकामं झाल्यावर काका कांदा चिरायला बसले. मी विचारलं, “का बोललात तसं?”

“तुला बोलायला त्रास होतो. मला काय, तोंड चालूच असतं.”

त्यांनी दुसरा कांदा घेतला. मग ते म्हणाले, “मी पण अडकलो होतो असा. एका बंदरात. गावातनं माझ्यासाठी दोन पत्रं गेली, दोन पक्षांची. ह्याने लिवलं त्याचं खोटं, त्याने लिवलं ह्याचं खोटं. सायबाने दोन्ही बाजूला ठेवली. म्हणाला, आधी गावाचं ठरू दे.” त्यांनी चिरलेला कांदा ताटात सारला. “घरी आलो तर आईला जाऊन चार महिने झालेले. ती रोज जेट्टीवर येऊन बसायची म्हणे. जेवायची पण तिथंच.”

“हेच ते ताट?”

“व्हय. तिचंच.”

कांदा तिखट होता म्हणून आम्ही दोघं डोळे पुसत बसलो. देश कुठला, ते मी विचारलं नाही.

आज सकाळी ते टपरीवरचं बोलणं ऐकून मी घाईने निघाले ती घरीच पोचले. मग काकांकडे गेले. ते दिसले नाहीत. फळीवरचं ताट उचललं, कोरा कागद घेतला आणि परत जेट्टीवर आले.

फेरीबोट लागत होती. दत्ताशेठ बाकावर बसले होते, दिल्लीला पाठवायचा लिफाफा खिशातून अर्धा बाहेर. सुमनताई खाडीपलीकडच्या दिघीला निघालेल्या, तिकिटाच्या रांगेत. जुबेदाभाभी एकटीच कठड्याशी पाण्याकडे बघत उभी. टपरीवरचे चौघं तिथेच होते.

ताट आणि कागद हातात धरून मी बाकासमोर उभी राहिले. दत्ताशेठनी वर बघितलं, टपरीवरचे वळले, रांगेतल्या सुमनताई वळल्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

“शेठ,” मी म्हणाले, आणि आवाज फाटला, तरी थांबले नाही. “नावं एकाखाली एक मी लावली. काकांनी गोलच दिला होता. मला या ताटाची लाज वाटली.”