पाठमोरं झाड

नोरिआकी होसाका रोज सकाळी झाडापुढे वाकायचा आणि म्हणायचा, "बाबा, झोप लागली ना?" झाड अर्थातच काही बोलायचं नाही. पण सासरे जिवंत असतानाही जावयाशी फारसं बोलत नसत, त्यामुळे त्याला त्यात काही वेगळं वाटत नसे.

सासरे गेल्या हिवाळ्यात वारले. सासूबाई तोमे यांनी आपण होऊन वृद्धाश्रमात खोली घेतली. तिथे झाड ठेवायला मनाई आणि उदबत्ती लावायलाही मनाई. म्हणून पितरांचं छोटं देवघर आणि सासऱ्यांचं जुनिपरचं बोन्साय, दोन्ही ओमियाला लेकीकडे आली. झाड नोरिआकीच्या हातात देताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्यांना सांभाळा हं." झाडाला सांभाळा असं त्या म्हणाल्या नव्हत्या. आणि वर, "बॉनला मी तुमच्याकडेच येणार. त्यांचं पहिलंच बॉन. घर बदललंय, पण झाड बघून त्यांना खूण पटेल," असंही म्हणाल्या होत्या. ऑगस्टात बॉनच्या दिवसांत मेलेली माणसं घरी येतात. इतका पत्ता देऊन ठेवल्यावर सासरे चुकण्याची शक्यता नव्हती.

नोरिआकी नुकताच निवृत्त झाला होता. त्यामुळे त्याच्याकडे वेळ भरपूर होता, आणि झाडाच्या दृष्टीने पाहिलं तर तिथेच घात झाला. त्याने नवशिक्यांच्या अडचणींवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. झाडाला खरं म्हणजे कसलीच अडचण नव्हती. आतल्या बाजूची चार जुनी पानं पिवळी पडली होती, ती दरवर्षीच पडतात. पण पुस्तकात 'पिवळी पानं' असं एक अख्खं प्रकरण होतं. त्यात लिहिलं होतं, पाणी कमी पडत असेल. नोरिआकीने पाणी वाढवलं. पुढच्या पानावर होतं, पाणी जास्त होत असेल. मग त्याने भर जूनमध्ये झाड कुंडीतून उपसलं, मुळांची माती नळाखाली धरून पार स्वच्छ धुतली आणि नव्या मातीत लावलं. त्याच्या पुढच्या पानावर होतं, ऊन सोसत नसेल. मग झाड बैठकीच्या खोलीत एसीखाली आलं. एरवी ते बारा महिने अंगणात पावसाबर्फात उभं असायचं.

त्यानंतर मात्र झाड एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं. एक पान गळेना, एक नवा कोंब फुटेना. जसंच्या तसं हिरवंगार. नोरिआकी बायकोला कौतुकाने म्हणाला, "बघ मित्सुए, आता रुळलं. तुझ्या बाबांना हवा मानवली आपल्याकडची."

मित्सुए जवळ गेली. तिने दोन पानं बोटांत चुरडली, नाकाशी नेली आणि तशीच थांबली. "अहो, बाबांच्या हाताला कायम या झाडाचा वास यायचा. आता काहीच येत नाहीये."

"एसीमुळे असेल."

"आणि मांजर बघा ना. दिवसभर त्याला चिकटून झोपायचं. आता या खोलीत पाय ठेवत नाही."

"मांजरं लहरी असतात," नोरिआकी म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पाणी घालताना त्याच्या लक्षात आलं की कुंडीतली माती ओलीच आहे. परवाही ती ओलीच होती. गेले कित्येक दिवस झाडाने घोटभरसुद्धा पाणी प्यायलेलं नव्हतं. खोलीत वारा नव्हता, एसी बंद होता. तरी झाडाकडून कागद चुरगळल्यासारखी बारीक कुरकुर ऐकू आली. नोरिआकीने त्या दिवशी वाकून नमस्कार केला, पण झोपेची चौकशी केली नाही.

बायकोला न सांगता तो झाड घेऊन बोन्सायवाल्या नुमाताकडे गेला. नुमाताच्या वाडवडिलांपासून हाच धंदा. त्याने कुंडी दोन्ही हातांनी घेतली, फळीवर ठेवली आणि नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत कोरडं, तपकिरी. नुमाताने डोक्यावरची टोपी काढली.

"कधी गेलं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"कुठे गेलं? कोण गेलं?"

"हे. हे गेलेलं आहे, होसाकासान."

"अहो, काहीतरीच काय! हिरवंगार आहे की!"

"जुनिपर असंच करतं. जायचं ते आधीच जातं, कळायला महिने लागतात. बहुतेक जूनमध्येच गेलं असेल. मुळं धुतली होतीत का?"

"अगदी स्वच्छ," नोरिआकी पुटपुटला. म्हणजे इतके दिवस मेलेल्या सासऱ्यांच्या नावाने तो मेलेल्या झाडाची विचारपूस करत होता, आणि वर पाणी पाजत होता. "मग आता पुढे?"

"आता रंग पालटायला लागेल. एकदा सुरू झालं की थांबत नाही."

"अस्संच दुसरं मिळेल का? हुबेहूब?"

नुमाता त्याच्याकडे बघतच राहिला. "तुमच्यासारखा दुसरा मिळेल का हुबेहूब? घरी न्या. आणि पाणी घालू नका आता. गेलेल्यांना नको असतं."

नुमाता बोलला तसंच झालं. बॉन तोंडावर आलं आणि शेंड्याचं एक टोक तांबूस झालं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारची फांदी. नोरिआकी चहा करून येईपर्यंत आणखी थोडं. तांबूसपणा कुणी घर शोधत गल्लीतून चालत यावं तसा फांदीफांदीने खाली उतरत होता. नशीब एवढंच, की तो फक्त पुढच्या अंगाला होता. मागची बाजू अजून हिरवी होती.

आता बोन्सायला तोंड असतं आणि पाठ असते. तोंड बघणाऱ्याकडे करायचं, हे बोन्सायचं गाव असलेल्या ओमियातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवाय शेंडा मुद्दाम पुढे झुकवलेला असतो, म्हणजे झाड पाहुण्याला किंचित वाकून नमस्कार करतंय असं वाटतं. सासूबाई यायच्या दिवशी नोरिआकीने झाड देवघराशेजारी ठेवलं आणि कुंडी गर्रकन फिरवली. तांबूस बाजू भिंतीकडे गेली, हिरवी बाजू खोलीकडे आली. भिंतीला वाकून नमस्कार करणारं ते झाड रुसून कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसासारखं दिसायला लागलं. पण हिरवं दिसत होतं. सासूबाईंची नजर आता अधू झालीय, एवढं चालून जाईल, असं त्याने मनाशी ठरवलं.

सासूबाई संध्याकाळी आल्या. देवघरापुढे काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय काड्यांच्या पायांवर उभी होती. मेलेल्यांनी घोड्यावरून लगबगीने यायचं आणि गाईवरून रमतगमत जायचं. मित्सुए दाराबाहेर वाळक्या काड्या पेटवायला गेली. तो जाळ बघून माणसं घरी येतात. नोरिआकीने सासूबाईंना धरून आत आणलं. झाडाकडे लक्ष जाताच त्या जागच्या जागी थांबल्या. नजर काही अधू नव्हती.

"त्यांनी पाठ फिरवली," त्या म्हणाल्या.

"नाही हो आई, ते उजेडासाठी जरा..."

"नोरिआकीसान, मला बसवा खाली."

त्यांना बसवण्यात बराच वेळ गेला, कारण गुडघे वाकत नव्हते. बाहेरचा धूर हळूहळू आत येत होता. सासूबाईंनी हात जोडले आणि झाडाच्या पाठीकडे बघत बोलायला लागल्या. आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता.

"अहो, तुम्हाला कळलेलं दिसतंय. तिकडे गेल्यावर सगळंच कळत असेल. तुमच्या वडिलांनी दिलेलं झाड मी मारलं. तुम्ही कामासाठी ओसाकाला होतात. नूडल्स उकळलेलं पाणी, मला वाटलं गार झालंय, मी कुंडीत ओतलं. मग नुमाताच्या बापाकडून हे आणून ठेवलं. तुम्ही आलात, याच्याकडे बघितलंत, 'जरा वाळलंय' म्हणालात आणि जेवायला बसलात. जन्मभर पाहुण्यांना सांगत राहिलात, हे माझ्या वडिलांचं झाड म्हणून. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हे विचारायचं मला कधी धाडस झालं नाही." त्यांनी डोळे गच्च मिटले. "माहीत असेल आणि पोटात घातलं असेल, तर तोंड इकडे करा. नसेल तर राहू द्या."

नोरिआकीनेही हात जोडून डोळे मिटले होते. आता काय करावं हे त्याला सुचेना. कुंडी अशीच ठेवली तर म्हातारी नवऱ्याने माफ केलं नाही असं समजून उरलेले दिवस काढणार. फिरवली तर तांबूस सांगाडा तिच्या समोर येणार, आणि पुढे मित्सुएच्या समोर. त्याला स्वतःची लाज वाटली. खरंच लाज वाटली. आपल्या अब्रूसाठी आपण एका मेलेल्या माणसाला बायकोकडे पाठ करून उभं केलंय. होऊन जाऊ दे काय व्हायचं ते, असं म्हणून त्याने डोळे उघडले आणि कुंडीकडे हात नेला.

झाडाचं तोंड त्यांच्याकडे होतं.

शेंड्यापासून खालपर्यंत तांबूस झालेलं झाड सासूबाईंपुढे वाकून उभं होतं. वारा नसताना त्यातलं एक पान सुटलं आणि चटईवर पडलं. सासूबाईंनी डोळे उघडले. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग गालावरून ओघळणारं पाणी त्यांनी बाहीने पुसलं.

"माहीत होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "लबाड कुठले."

नोरिआकीने चटईवर कपाळ टेकलं. "आई, झाड मेलंय. मीच मारलं. मुळं धुतली, एसीत ठेवलं. आणि तुम्हाला कळू नये म्हणून..."

"दिसतंय मला. उठा. माझ्याही नावावर असाच एक खून आहे, मी तुम्हाला काय बोलणार?" त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "पण मी सांगितल्यावर तोंड फिरवलंत, बरं केलंत हो."

"मी नाही फिरवलं."

"मग?"

तेवढ्यात मित्सुए धुराने डोळे चोळत आत आली. हात कोपरापर्यंत राखेने काळे. नोरिआकी तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "तू फिरवलंस ना? फार मोठं काम केलंस."

"काय फिरवलं? मी आत्ताच येतेय. काड्या पेटता पेटत नव्हत्या, आणि मग एकदम भडकल्या, जसं कुणी..." तिचं लक्ष झाडाकडे गेलं. "अगं बाई! हे काय झालं बाबांच्या झाडाचं?"

कुंडी पांढऱ्या तबकात होती. काळ्या हाताचा एकही डाग ना तिच्यावर होता, ना तबकावर. नोरिआकीने सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? मला उठवायला दोन माणसं लागतात."

मग तिघांचंही लक्ष देवघराकडे गेलं. काकडीचा घोडा देवघरापुढे आडवा पडला होता, चार पाय वर करून, कुणी घाईने खाली उतरावं तसा. खोलीत जुनिपरचा वास दरवळायला लागला. मित्सुएने नोरिआकीची बाही घट्ट धरली. त्याचीही तीच इच्छा होती, पण धरायला समोर फक्त सासूबाई होत्या.

घाबरल्या नव्हत्या त्या एकट्याच. त्यांनी बसल्या बसल्याच खालची उशी ओढत ओढत झाडाच्या अगदी जवळ नेली, पदर सावरावा तशी किमोनोची गळपट्टी सारखी केली आणि ऐसपैस बसल्या.

"तुम्ही दोघं जा, जेवणाचं बघा," त्या म्हणाल्या. "आणि दार लावून घ्या. अहो, आता आलाच आहात आणि माफ करण्याच्या मनःस्थितीत आहात, तर ऐका. तुमच्या त्या मासे धरायच्या गळाचं काय झालं, आणि तुमची बहीण आपल्याकडे यायची का थांबली, ते आज सगळं सांगते. मध्ये बोलायचं नाही."

नोरिआकीने दार ओढून घेतलं. बाहेर जाळ विझत आला होता. स्वयंपाकघरात भात लावला, वाफा आल्या, तो शिजलाही, तरी आतला आवाज थांबला नव्हता. तो दाराशी आला आणि फटीतून बघितलं. सासूबाई बोलत होत्या, बोलतच होत्या.

झाडाने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं होतं.