नानासोंची हनुवटी

गेल्या जत्रेत नानासोंनी सोड्याची बाटली दातानं उघडली. ओपनर समोरच लोंबत होता. पण चार माणसं बघत असताना ओपनर वापरायचा म्हणजे इज्जत ती काय राहिली? टोपण उडालं, टाळ्या पडल्या आणि दातातनं 'कट्' असा आवाज आला. टाळ्यांत तो कुणाला ऐकू गेला नाही. नानासोंनीही तो न ऐकल्यासारखं केलं.

पुढं हनुवटीच्या कडेला एक पुळी आली. फुटायची, सुकायची, परत यायची. एरवी कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण नानासो यंदा सरपंचपदाला उभे राहणार होते आणि चौकातल्या फ्लेक्सवर ती पुळी टोमॅटोएवढी दिसत होती.

बायकोनं, बयाबाईंनी, हळद लावली. मग लेकीची गोरं व्हायची क्रीम लावली. (नानासो गोरे झाले नाहीत, पुळी मात्र उजळली.) शेवटी नानासोंना गुन्हेगार सापडला. त्यांची दाढी करणारा जोतीराम!

"तुझा वस्तराच घाण हाय रं!" नानासो भर दुकानात ओरडले.

"आवं नानासो, तुमच्याम्होरंच नवं ब्लेड लावलं की!"

"मला शिकवू नगंस! सरपंच झालो की पयलं तुझं दुकान बंद करतो."

त्या दिवसापासून जोतीरामाची गिऱ्हाइकं पांगली. पुळी मात्र जागची हलली नाही. ती काही मतदार नव्हती, धमकीला भ्यायला.

मलमं संपली तेव्हा नानासो सांगलीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"तोंड उघडा," बाई म्हणाल्या.

"आवं, पुळी भाईर हाय. आत काय बगताय?"

"हा दात आतनं मेलाय. मुळाशी पू झालाय, तोच हनुवटीतनं बाहेर पडतोय. दाताच्या डॉक्टरकडे जा."

"पन त्यो दुखत न्हाई!"

"मेलेला कशाला दुखेल?"

दाताचा इलाज झाला आणि पुळी गपगुमान सुकली.

"आता जावा जोतीरामाकडं," बयाबाई कडाडल्या. "गरिबाच्या पोटावर पाय दिलायसा."

नानासोंना खरंच लाज वाटली. (मतांची आठवण त्याआधीच झाली होती, ती गोष्ट वेगळी.) दुकान माणसांनी गच्च भरलं होतं. एवढी गर्दी कशी, ते त्यांना कळेना. खुर्चीत बसून ते म्हणाले, "चुकलं गड्या माझं. दोष दाताचा हुता."

जोतीरामानं फडकं बांधलं, फेस लावला, वस्तरा गळ्याला टेकवला आणि मगच तोंड उघडलं.

"नानासो, तुमी दुकान बंद करनार म्हनल्यावर गावानं मलाच उभा केलाय सरपंचाला. तुमचं मत कुनाला?"

दुकानातल्या सगळ्यांनी माना पुढं काढल्या. नानासोंना मान हलवायचीही सोय नव्हती.

"तुलाच की रं," ते म्हणाले. "आमच्या घरातली समदी तुलाच."