आधी आकडा, मग चहा

"कसे आहात?" असं विचारलं की माणसाने "बरं आहे" म्हणून मोकळं व्हावं. आमचे गांगुर्डे भाऊसाहेब छत्री दाराला अडकवत उलट विचारायचे, "आजच्यापुरतं विचारताय, वहिनी, की वर्षभराचं?"

भाऊसाहेब सरकारी पाहणीचे कारकून. ठरलेल्या घरी दर महिन्याला जाऊन तांदूळ किती लागला, तेल काय भावाने आणलं, हे लिहून घ्यायचं त्यांचं काम. नाशिक रोडच्या आमच्या वसाहतीत ही माळ आमच्या गळ्यात पडली. महिन्याचा पहिला रविवार त्यांचा.

"मागच्या महिन्यात सांगितलं की!" मी वैतागायची.

"पन्नास घरांना एकाच दिवशी विचारलं, तर कोणाचं कसं चाललंय ते कळतं. पण घर सावरतंय की खचतंय, हे कळायला त्याच घरी पुन्हापुन्हा यावं लागतं. मध्ये खंड पडला, की झालं वाटोळं!"

एकदा शेजारच्या कांबळेबाई मध्येच म्हणाल्या, "नाशिकला द्वारका चौकात कांदा स्वस्त झालाय म्हणे."

भाऊसाहेबांचं पेन थबकलं. "घेतलात, की ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग तो भाव नाही, बाई. ती बातमी." कांबळेबाई त्यानंतर रविवारी फिरकेनाशा झाल्या.

एका दिवाळीनंतर तेलाचा आकडा ऐकून आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. "गेल्या महिन्याच्या दुप्पट?" सूर असा, जणू मी तेल पीतच होते. भाऊसाहेब माझ्या बाजूने उभे राहिले. "दिवाळीची तुलना दिवाळीशीच करायची, साहेब." तेवढ्यावर थांबावं की नाही? "गेल्या दिवाळीला मात्र तेल कमी लागलं होतं. वहिनी माहेरी होत्या. रुसून."

चहा सगळं लिहून झाल्यावरच. "आधी घेतला तर आकडा गोड होतो." साखरेपाशी आले की न चुकता म्हणायचे, "यात माझाही चमचा आहे बरं का."

एकदा मी विचारलं, "तुमच्या घरचं कोण लिहितं हो?" बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

ते हसले. "एका माणसाचं घर. त्यात काय विचारायचं?"

पुढे ते निवृत्त झाले आणि त्याच सुमारास कचेरीने पाहणीसाठी नवी घरं निवडली. सुटले एकदाची, असं मला वाटलं. पण पहिल्या रविवारी सवयीने एक कप चहा जास्तीचा टाकला. पुढच्या महिन्यातही टाकला. मग मलाच करमेना.

एक दिवस द्वारका चौकात दुकानापाशी ते दिसले. डाळीचा भाव विचारत होते, हातात पिशवी नव्हती.

"कसे आहात, भाऊसाहेब?"

"बरं आहे."

एवढंच. उलट प्रश्न नाही.

"घरी का येत नाही?"

"आता काय कारण सांगून येऊ, वहिनी?"

"कारण? अहो, साखर उरायला लागलीय घरात! एवढा खंड पडलाय, तो कोण भरून काढणार?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

पुढच्या पहिल्या रविवारी छत्री दाराला अडकली. मी आधी चहाच पुढे केला.

"आकडा गोड होईल हो."

"होऊ दे. आज मी विचारणार. तुमच्या घरी कसं चाललंय?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग हळूच म्हणाले, "आजच्यापुरतं विचारताय, की वर्षभराचं?"

"वर्षभराचं," मी म्हणाले आणि त्यांच्यासमोर बसले.