झांज तुमच्याकडं, ताई

रशीदभाईंच्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या आधी त्याला एक वाद्य मिळतं. वाजवायला नाही, सांभाळायला. "झांज तुमच्याकडं, ताई," म्हणतात आणि रेकॉर्डवर सुई ठेवतात. मग ती बाजू संपेपर्यंत ड्रमवाल्याच्या झांजेवरून आपलं लक्ष हलता कामा नये. गिटार कुठं का जाईना, ती आपली जबाबदारी नाही.

सावेडीत आमच्या दोन घरांत एकच भिंत. भाई मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर जिल्ह्यातल्या शेतांच्या हद्दी मोजल्या. तरुणपणी ट्रेनिंगला पुण्यात राहिले आणि तिथून जॅझ-रॉक फ्यूजनचं वेड घेऊन परतले. यात कोणी गात नाही. चार-पाच अफाट वाजवणारे नुसते एकमेकांवर तुटून पडतात. भाई त्यांची नावं घेत नाहीत. एक 'आपला डावखुरा', एक 'टकल्या', एक 'तो गरीब बासवाला'. माझी बरेच दिवस समजूत होती की हे त्यांचे ऑफिसातले लोक आहेत.

समजावून सांगायची भाषाही खात्यातलीच. "हे ड्रमचं रान. आता बघा, गिटारनं बांध कोरला. ड्रम भांडंल वाटतं ना? न्हाई भांडत. सरकून जागा दिली बघा."

यात एवढं काय आहे, असं मी एकदा विचारलं. भाईंनी चष्मा पुसला. "ताई, मी भावाभावांत दगड रोवत नोकरी केली. वीतभर बांधापायी लोक कोर्टात म्हातारे झालेले बघितले. हितं पाच जणं एकमेकांच्या रानात घुसतात, आन पीक सगळ्यांचंच वाढतं."

ही मैफल रविवारी दुपारी भरते. खिडकीला ओला पडदा, वर पंखा, बाहेर उन्हानं निपचित पडलेली गल्ली. अशा वेळी झांज सांभाळणं सोपं नसतं. ती लांब कुठंतरी पाऊस पडल्यासारखी वाजत राहते, आणि तिच्या मागं जाता जाता आपण जागे आहोत की झोपलोय हेच कळेनासं होतं. मी कितीदा तरी मुळा धरणाच्या भिंतीवरून चालत गेले आहे, खुर्चीत बसल्या बसल्या.

राहुरीकडून दूध घेऊन येणाऱ्या पोपटरावांकडे कीबोर्ड असतो. किटली मांडीशी धरून ते परीक्षेला बसल्यासारखे बसतात.

"सर, माझा कीबोर्ड कुटं गेला वो? आत्ता हितंच हुता."

"घाबरू नका," भाई सुई उचलून मागं नेतात. "पुन्यांदा धरा."

सुरुवातीला फक्त झांज वाटली जायची आणि ती माझ्याकडे असायची. मग कीबोर्ड पोपटरावांना मिळाला. यंदा गिटार घरातच, नसीमभाभींकडे गेली. त्या मटार सोलता सोलता ती सांभाळतात. भाईंनी स्वतःकडे तेवढा बास, म्हणजे तळाचा घुमारा, ठेवला, तोही स्पीकरच्या पेटीवर तळवा टेकून. भाईंचं खूळ वाढत चाललंय, आता सगळ्या गल्लीला कामाला लावणार, असं मी घरी सांगून हसत होते.

एकदा गच्चीवर शेवया वाळत घालताना भाभींनीच सांगितलं. "बारीक आवाज त्यांना ऐकूच येत न्हाईत आता. आधी झांज गेली. मग कीबोर्ड. आता गिटारबी गेली. डॉक्टर म्हणले, कानाची नसच सुकत चाललीय. मशीन हाय, पण त्यातनं वाजवणं पत्र्यावर खडे पडल्यावानी लागतं. म्हणून रेकॉर्ड लावली का काढून ठेवतात."

मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी पोपटराव आले नाहीत आणि भाभी लेकीकडे श्रीरामपूरला गेलेल्या. आम्ही दोघंच होतो. न राहवून मी विचारलं, "भाई, रेकॉर्ड तर तुम्हाला पाठ आहे. मग आम्ही कशाला?"

"पाठ हाय ना. डोक्यात सगळं वाजतंय," कानातलं मशीन काढता काढता ते म्हणाले. "पण बाहेरबी वाजतंय, का मी एकटाच येड्यावानी मान हलवतोय, ते कुणीतरी सांगाया पाहिजे."

त्या दिवशी सगळी वाद्यं माझ्याकडे आली. मधूनमधून भाई डोळे उघडून विचारायचे, "गिटार?" मी मोठ्यानं सांगायचे, "आहे भाई, वर चाललीय." ते पुन्हा डोळे मिटायचे.

शेवटी बास थांबला, ड्रम थांबला. गिटारचा एकच सूर राहिला, आणि तो बारीक होत होत इतका लांब गेला की मी श्वास रोखून बसले. भाईंच्या तळव्याला आता काहीच कळत नव्हतं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. सूर विझला, आणि त्या शांततेत कोणीतरी हसलं. हळूच, माइकपासून लांब.

"भाई, शेवटी कोणीतरी हसलं."

त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. "ह्या रेकॉर्डीत कोणी हसत न्हाई," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्या जागंला मी वाह म्हणतो. जवानीपासनं म्हणत आलो. मोठ्यानं."

आज सूर कुठं संपला हेच त्यांना कळलं नव्हतं, म्हणून ते म्हणायचं राहून गेलं होतं.

त्यांनी सुई मागं नेली. या वेळी एक तळवा पेटीवर आणि दुसरा स्वतःच्या तोंडावर घट्ट. सूर वर गेला, बारीक झाला, विझला.

"हसला?" त्यांनी बोटांआडूनच विचारलं.

"हसला."

"कसा?"

आता हे मोठ्यानं कसं सांगायचं? मी त्यांच्या समोर सरकले आणि तसं हसून दाखवलं.

भाई माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "वाह."