अक्रुराची जीप

बनुबाईंच्या घरातल्या टीव्हीला रविवारी सकाळी हार असे. हा टीव्ही त्यांच्या नवऱ्याने, जालिंदरने, क्रिकेटसाठी घेतला होता. पण दूरदर्शनवर कृष्णाची मालिका सुरू झाली आणि टीव्हीवरचा त्याचा हक्क गेला तो गेलाच. नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या अलीकडच्या त्या गावात आळीतल्या साऱ्या बाया अंघोळी उरकून यायच्या, चपला ओट्याखाली काढायच्या आणि डोक्यावर पदर घेऊन ओळीने बसायच्या. शेजारची चांगुणा उदबत्ती लावायची. जाहिराती लागल्या की पदर खाली घ्यायला परवानगी होती, तीही चांगुणाच देत असे.

यशोदेच्या डोळ्यांत पाणी आलं की इकडे सगळ्यांचे पदर डोळ्यांना लागत. जालिंदर मागे खाटेवर बसून हे बघायचा आणि हसायचा. टीव्हीतली बाई रडायचे पैसे घेते, तुम्ही फुकट रडता, असं तो दर रविवारी न चुकता म्हणायचा. बाया त्याच्याकडे दुर्लक्ष करत. नास्तिक माणसाच्या घरी टीव्ही आहे, यातही देवाचा काही हेतू असेल, असं चांगुणाचं मत होतं.

त्या वर्षी बनुबाईंना रडायला घरचंच कारण मिळालं होतं. त्यांची लेक वृषाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मुलगा झाला होता. बारशात आत्याने नाव ठेवलं शुभम, पण बनुबाई त्याला किस्नाच म्हणत. मालीश त्यांची, धुरी-शेक त्यांचा, काजळ-तीट त्यांची आणि झोपवणंही त्यांचंच. वृषालीच्या वाट्याला बाळ यायचं ते दूध पाजण्यापुरतं. पोटभर पिऊन झालं, की आजी उचलून न्यायची. "आई, माझंय ना गं ते?" असं वृषालीने एकदा विचारून पाहिलं. "तुजंच हाय की. मी कुटं न्हाई म्हनते," असं म्हणून बनुबाई त्याला घेऊन पारावर गेल्या.

आता बाळाला पाचवा महिना लागला होता आणि त्याला न्यायला जावई यायचा होता. गोरक्ष पुणतांब्याचा, तिकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. त्याच्या आईने, म्हणजे केशरबाईंनी, सोमवारी नातवाला गोदावरीवर नेऊन ओटी भरायची ठरवलं होतं. अर्ध्या गावाला जेवणाचं आवतण गेलं होतं. त्यामुळे बाळ रविवारी संध्याकाळपर्यंत पुणतांब्यात पोचायलाच हवं होतं. गोरक्षची चूक म्हणाल तर एवढीच, की तो रविवारी सकाळी आला. दुसरी चूक एलियाची. एलिया हा गोरक्षच्या ओळखीचा जीपवाला. आदल्या दिवशी त्याने लग्नाचं वऱ्हाड वाहिलं होतं आणि पहाटेच निघायचं म्हणून बॉनेटवरच्या झेंडूच्या माळा काढायचा कंटाळा केला होता.

जीप दारात थांबली तेव्हा टीव्हीवर मथुरेहून अक्रूर गोकुळात आला होता. त्याच्याही रथाला झेंडूच्या माळा होत्या.

गोरक्ष आत आला. कोणी "या" म्हटलं नाही. बनुबाईंनी बाळाला छातीशी धरून टीव्हीवरची नजर न हलवता हातानेच त्याला खाली बसायची खूण केली. पाणी विचारायची तर कोणाला शुद्धच नव्हती. वृषाली दाराआडून हळूच म्हणाली, "आज न्हाई नेलं ना, तर मग दिवाळीतच. मी सांगून ठिवते." गोरक्षने मान हलवली आणि भिंतीला टेकून बसला.

थोड्या वेळाने एलिया जीपच्या रेडिएटरसाठी पाणी मागायला आला आणि दारातच थबकला. त्याच्या घरी टीव्ही नव्हता, आणि असता तरी त्यांच्या घरात रविवारची सकाळ चर्चमध्ये जायची. त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती. तो हळूच जालिंदरच्या खाटेजवळ उकिडवा बसला आणि त्याने रथवाला कोण म्हणून विचारलं.

"त्यो अक्रूर. मामानं धाडलाय, भाच्याला न्यायला," जालिंदर म्हणाला.

"आन् ती बाई आई व्हय?"

"सांभाळनारी. खरी आई तिकडं मथुरेत, तुरुंगात."

"मंग हिनं एवढं सांभाळलं त्याचं काय?"

जालिंदरने इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली होती, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. एलिया मांडी घालून नीट बसला आणि रेडिएटर तसाच राहिला.

टीव्हीत गोकुळ रथाभोवती गोळा झालं. गौळणी चाकांपुढे आडव्या झाल्या. कृष्ण रथात चढला, यशोदेने चाक दोन्ही हातांनी धरलं, अक्रुराने लगाम उचलला आणि गावची लाईट गेली.

पडद्यावर एक ठिपका उरला, तोही गेला. एवढं रडू दाटून आलेलं आणि ते कशावर रडायचं तेच नाहीसं झालेलं, अशी सगळ्यांची गत झाली होती. गोरक्षने घड्याळ बघितलं आणि तो अगदी अदबीने म्हणाला, "मग निघायचं का आता?"

सगळ्या बाया एकदम वळल्या. त्यांनी आधी गोरक्षला पाहिलं, मग दारातून दिसणारी झेंडूच्या माळांची जीप पाहिली.

"आला बघा अक्रूर," चांगुणा म्हणाली आणि उठली.

पुढचं फार लवकर झालं. चांगुणाने ओट्यावरचं गोणपाट उचललं, कारण लुगडं नुकतंच धुतलेलं होतं. ते तिने जीपच्या पुढच्या चाकासमोर पसरलं आणि त्यावर आडवी झाली. दुसरी बाई मागच्या चाकापाशी गेली. बाकीच्यांना गोणपाट पुरलं नाही म्हणून त्या बॉनेटला धरून उभ्या राहिल्या. गोरक्ष सगळ्यांना हात जोडून सांगत सुटला, की हा आपलाच मुलगा आहे, आपण त्याला कुठल्या कंसाकडे नेत नाही, घरी नेतोय. ते कोणी ऐकलं नाही. अक्रूरसुद्धा असाच गोड बोलत होता, हे सगळ्यांनी आत्ताच पाहिलं होतं.

जालिंदरला मात्र गंमत वाटत होती. जावयाला अक्रूर म्हटलेलं त्याला इतकं आवडलं, की तो खाटेवरून उठून बाहेर आला, खास बघायला. त्याला मनातून बाळ जायलाच हवं होतं. बाळ आल्यापासून त्याला भाकरी गार मिळत होती आणि रात्री झोप मिळत नव्हती. तो आत गेला आणि बनुबाईंना म्हणाला, की पुरे झाला तमाशा, लेकराला द्या आणि पाठवणी करा.

बनुबाई टीव्हीसमोरच बसून होत्या. बाळ मांडीवर झोपलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हे पाहून जालिंदर थोडा गडबडला.

"मी देत न्हाई असं म्हनत न्हाई," त्या म्हणाल्या. "फकस्त लाईट येऊ द्या. त्यो गोकुळात परत येतो का न्हाई, तेवढं मला बगू द्या."

"न्हाई येत त्यो परत. समद्यांला म्हाईत हाय," जालिंदर म्हणाला.

खरं तेच बोलला होता, पण त्याची वेळ चुकली. बनुबाईंनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला आणि त्या रडू लागल्या. इतका वेळ टीव्हीसाठी साठवलेलं आणि इतके महिने कोणाला न दाखवलेलं, सगळं एकदम आलं. जालिंदर बाहेर पळाला आणि एलियाला म्हणाला, की गाडी सुरू कर, हे असं दिवसभर चालेल.

"मी न्हाई नेत," एलिया म्हणाला. त्याचेही डोळे लाल झाले होते.

गोरक्षने त्याला भाडं ठरलंय याची आठवण करून दिली.

"भाडं ऱ्हाऊ द्या. त्या माउलीच्या मांडीवरनं पोर उचलून न्यायचं मला न्हाई जमायचं. मला बी आई हाय."

आता जावई हतबल झाला. गाडीसमोर बाया, गाडीत ड्रायव्हर नाही आणि पुणतांब्यात अर्ध्या गावाचं जेवण. तो ओट्याच्या पायरीवर बसला. वृषाली त्याच्याशेजारी येऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की तिला कोणी विचारलं का, ती सासरी जायला केव्हाची तयार आहे. कोणी विचारलं नव्हतं आणि आताही विचारलं नाही.

तेवढ्यात एलिया सरळ आत गेला आणि बनुबाईंसमोर बसला.

"मावशी, आमच्या शास्त्रात बी असंच एक लेकरू हाय. राजाच्या भीतीनं आईनं त्याला टोपलीत घालून नदीत सोडलं. राजाच्या पोरीनं उचललं. मंग दूध पाजायला दाई पायजे, तर तिनं कोन आनली म्हाईत हाय का?"

"कोन?"

"त्याच्या आईलाच. राजाच्या पोरीला म्हाईत बी न्हवतं, तरी."

बनुबाईंचं रडणं थांबलं. "म्हंजे ती संगं गेली?"

"व्हय. संगंच ऱ्हायली."

बनुबाईंनी डोळे पुसले, बाळाला उचललं आणि त्या उठल्या. पुढच्या घडीला त्यांचं गाठोडं बांधलेलं होतं. त्यात दोन लुगडी, मालिशीचं तेल, शेगडी आणि बाळाची झोळी होती. चांगुणा चाकापुढून उठली, गोणपाट झटकलं आणि तेही "लागंल वाटंत" म्हणून त्यांच्या हवाली केलं. जालिंदर जीपच्या खिडकीशी गेला आणि त्याने आपल्या जेवणाचं काय म्हणून विचारलं, पण तेवढ्यात एलियाने गाडी सुरू केली होती आणि आवाजात ते राहून गेलं.

वृषाली जीपमध्ये बसली आणि तिने आईकडे हात केले.

"जीप थांबली की देते," बनुबाई म्हणाल्या. नगर गेलं, राहुरी गेलं, जीप दोनदा थांबली, तरी बाळ काही मिळालं नाही.

पुणतांब्याच्या घरी पोचल्यावर मात्र बनुबाईंचा धीर गेला. न बोलावता विहिणीच्या दारात गाठोडं घेऊन उभं राहायचं, म्हणजे चारचौघांत बोलणी खायची, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बाळाला पुढे केलं आणि गाठोडं मागे लपवलं. केशरबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, डोळे सुजलेले. पुणतांब्यात सकाळी लाईट गेली नव्हती. त्यांनी भाग शेवटपर्यंत पाहिला होता आणि तेव्हापासून त्या अधूनमधून रडतच होत्या.

बनुबाईंनी तोंड उघडायच्या आत केशरबाईंनी त्यांचा हात धरला.

"इहीनबाई, तुमी आल्या ते लई ब्येस केलं. त्या देवकीनं यशोदेला येकदा तरी बोलवून घ्यायला पायजे हुतं. मला त्येवढंच सकाळपासनं डाचतंय."

त्यानंतर दोघी आज्या बाळाला आळीपाळीने घेऊ लागल्या आणि वृषालीचा नंबर तिसरा लागला.

सोमवारी गोदावरीवर ओटी झाली. मंगळवारी बनुबाईंनी निघायचा विषय काढला, तर केशरबाई म्हणाल्या, घाई काय आहे. मग तो विषय कोणी काढलाच नाही.

इकडे जालिंदरचे हाल झाले. दोन दिवस चांगुणाने भाकरी पाठवली, पण तिसऱ्या दिवशी तिने भाकरीबरोबर नंदराजा कसा आहे अशी, म्हणजे त्याचीच, चौकशी पाठवली, तेव्हा त्याने डबा परत केला. स्वतः केलेली भाकरी त्याने कुत्र्याला घातली आणि कुत्र्याने ती हुंगून ठेवून दिली. रात्री शांत झोप लागेल असं त्याला वाटलं होतं, पण झोळीची दोरी करकरत नाही म्हणून त्याला जाग यायची. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. शनिवारी त्याने घराला कुलूप लावलं, चावी रविवारच्या टीव्हीसाठी चांगुणाकडे दिली, आणि एसटी धरली. नगरच्या स्टँडवर रात्र काढून तो रविवारी सकाळी पुणतांब्याला उतरला. फाट्यावर एलियाची जीप उभी होती. लग्नसराईच चालू होती, त्यामुळे बॉनेटवर माळा होत्याच.

"गाडी बंद करायची न्हाई," जालिंदरने बजावलं. "मी खाली बी उतरत न्हाई जास्त. तिला गाडीत घालतो आन् निघतो."

जीप केशरबाईंच्या दारात थांबली. आत टीव्ही चालू होता, हार घातलेला, आणि गावातल्या बाया पदर घेऊन बसल्या होत्या. टीव्हीत नंद मथुरेहून एकटाच गोकुळात परतला होता आणि यशोदा त्याच्या मागे कोणी येतंय का ते बघत होती. जालिंदर दारात उभा राहून जरा मोठ्यानेच म्हणाला, "चल गं, आवर. न्यायला आलोय."

सगळ्या बाया वळल्या. त्यांनी त्याला पाहिलं आणि मग माळांची जीप पाहिली. केशरबाई काही न बोलता उठल्या आणि कोपऱ्यातलं चांगुणाचं गोणपाट त्यांनी काखेत घेतलं. बाहेर एलियाने कोणी सांगायच्या आधीच गाडी बंद केली.

गोरक्ष तांब्या घेऊन आला. "बसा मामा," तो म्हणाला. "घ्या पानी. मला तेबी कोनी विचारलं न्हवतं."

जालिंदर बसला. बनुबाईंनी उठून बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. वृषालीने हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला. बाळाने आजोबांकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत घट्ट धरलं.

"लुगडी भरते," बनुबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "आठ दिस लई झाले. तुमचे हाल झाले आसतील."

जालिंदरने बटण सोडवायला हात नेला आणि तसाच थांबवला.

"बस जरा," तो टीव्हीकडे बघत म्हणाला. "त्यो गोकुळात परत येतो का न्हाई, तेवढं बगू."

"न्हाई येत. समद्यांला म्हाईत हाय."

"तरी बगू," जालिंदर म्हणाला.