वणव्याची नोंद

कोळेकरमामांना लग्नपत्रिका द्यायची कुणाची छाती होत नसे. एका शेजाऱ्यानं दिली, तर 'सस्नेह निमंत्रण'वर बोट ठेवून मामांनी विचारलं, "सस्नेह? गेल्या उन्हाळ्यात नळावर माझ्या अंगावर धावून आला व्हतास." पुढं त्यांना कुणी पंगतीला बोलावलं नाही. त्याचं वाईट वाटत नाही, असं ते सांगत.

हर्सूलला एका खोलीत एकटे राहणारे हे निवृत्त वनपाल. धनगराघरचा पोर, निजामाच्या राज्यात उर्दूची चार बुकं शिकलेला, पोलीस ॲक्शननंतर नोकरीला लागलेला. छापलेलं काहीही वाचलं की म्हणत, "ह्ये कुनी पाह्यलं?" वर्तमानपत्र, पंचांग, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, कशालाच माफी नव्हती.

मी तेव्हा एका ज्ञानकोशाच्या कचेरीत मदतनीस होतो. 'वणवा' या नोंदीत कन्नड तालुक्याच्या डोंगरातल्या एका जुन्या आगीची हकिकत होती. लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी चुलीपलीकडं आग पाहिली नसावी. जाणकाराकडून तपासून आण, असं संपादक म्हणाले, म्हणून मी कागद मामांकडं नेऊन दिले.

आठ दिवसांनी पाहिलं, तर प्राध्यापकांचं फारसं काही शिल्लक नव्हतं. 'आगीने रौद्र रूप धारण केले' यावर काट मारून लिहिलं होतं: गवत कमरेइतकं, वारा खालून वर, माणसं बारा, पाणी नाही. 'वन्यजीवांनी सुरक्षित स्थळी पलायन केले' याच्या समासात: घरट्यातली पिल्लं कशी पळाली? मी हसलो. मामा हसले नाहीत.

एका वाक्याला मात्र त्यांनी हात लावला नव्हता: 'मेंढपाळांच्या निष्काळजीपणामुळे आग लागली.' हे बरोबर आहे का, मी विचारलं.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "खात्याच्या अहवालात हाय तसं. अहवाल मीच लिव्हला."

साहेबांचे पाहुणे शिकारीला आले होते. मटण शिजवलेली चूल न विझवताच त्यांची जीप निघून गेली. साहेब म्हणाले, मेंढपाळ लिही. नोकरी नवी होती, मामांनी लिहिलं. पोलिसांनी जवळच्या माळावरून एकाला उचललं. तो मामांच्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. वर्षभर तुरुंगात राहिला, सुटल्यावर फार जगला नाही. चितेगावला राहणाऱ्या त्या बहिणीनं तेव्हापासून भावाला दारात उभं केलं नव्हतं.

मी मामांचा जबाब लिहिला, त्यावर त्यांची सही घेतली आणि संपादकांपुढं ठेवला. ते म्हणाले, अहवाल सरकारी आहे, हे एका म्हाताऱ्याचं सांगणं. वाक्य तसंच छापलं गेलं.

सांगायला गेलो, तेव्हा मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्यो जबाब हाय का तुझ्यापाशी? तिला वाचता येत नाय."

आम्ही बसनं चितेगावला गेलो. मी ओट्यावर बसून वाचलं, तिनं डाळ निवडत ऐकलं. मामा अंगणात उभे होते. वाचून झाल्यावर ती आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. एकच. मी दोन घोट घेऊन तो मामांकडं सरकवला.

त्यांनी बहिणीकडं पाहिलं. तिनं मान फिरवली, पण तांब्या उचलून नेला नाही. मामा उभ्यानंच प्यायले.